चिमणीचा फोटो

मुंबईला निघताना आज्ज्यानं एकच काम सांगितलं.

"परळात गिरणीची चिमणी ऱ्हायली का बघ रं. ऱ्हायली आसंल तर फोटू काढून आण."

आमच्या अणदूरहून दरवर्षी ६ डिसेंबरला माणसं चैत्यभूमीला जातात. आज्जाही जायचा. आता गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. म्हणून २०२५ साली घरातून मी निघालो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं, नळदुर्गजवळचं हे गाव बाहेरच्यांना खंडोबामुळं माहीत. आमच्या वस्तीला ते एसटीच्या थांब्यामुळं माहीत. पोट भरायचं तर त्या थांब्यावर उभं राहावंच लागतं. कुणी सोलापूरला, कुणी पुण्याला, कुणी ऊसतोडीला. आज्जा गेला मुंबईला.

१९७२ चा दुष्काळ. आज्जा तेव्हा तेवीस वर्षांचा. खडी फोडली, मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या, आणि एक दिवस सोलापूरहून रेल्वेत चढला. डिलाईल रोडला एका खोलीत पंधरा-सोळा माणसं. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्याच वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा व्हायचा. लोअर परळच्या एका गिरणीत आज्जा आधी बदली लागला, मग कायम झाला. खातं रिंगफ्रेम. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात हाही. दीड वर्ष वाट बघितली. मग वळकटी बांधून अणदूरला आला. संगं एक पत्र्याची ट्रंक आणि गिरणीचा पास. पासावर फोटो. आज्ज्याच्या तरुणपणाचा तेवढा एकच फोटो.

त्याला वाळवी लागली.

पुढं सरकारनं गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरवलं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर होता याचा पुरावा पाहिजे म्हणाले. २०१२ साली म्हाडाची गिरणी कामगारांसाठीची पहिली सोडत निघाली. आमच्याकडं ट्रंक होती, पुरावा नव्हता. दहा वर्षं मुंबईचं सूत कातलेला माणूस कागदापुरता मुंबईला कधी गेलाच नव्हता.

तेव्हा मित्रांनो, फोटो म्हटलं की आमच्या घरात मौज आठवत नाही. वाळवी आठवते.

माझं सांगायचं तर दहावीनंतर शाळा सुटली. सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. बारा तासांची पाळी. सुताचा कोन रिकामा झाला की पुठ्ठा उरतो, तो फाडून सरळ करतो आणि त्यावर कविता लिहितो. वाचायला शाळेनं शिकवलं, काय वाचायचं ते ६ डिसेंबरच्या पुस्तकांच्या दुकानांनी शिकवलं.

दोन दिवस बिनपगारी रजा टाकून सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभ्यानं दादरला उतरलो. रांगेत उभा राहिलो, दर्शन घेतलं. शिवाजी पार्कवर चादर टाकली. दिवसभर आमचे फोटो निघत होते. कुणी रांगेचा काढतंय, कुणी निळ्या झेंड्यांचा, कुणी पायाला फोड आलेल्या म्हातारीचा. दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं ते आपल्याला ठाऊक आहे. गर्दी येते. त्या गर्दीत कोण कुठला, काय काम करतो, खांद्यावरच्या पिशवीत त्यानं कुठलं पुस्तक घेतलंय, हे काही त्या फोटोत येत नाही.

रात्री मुंबईत शिकणारा एक दोस्त भेटला. म्हणाला, "उद्या रविवार. लोअर परळला फोटो वॉक आहे. चल."

"म्हंजी काय?"

"कॅमेरा घेऊन चालायचं. दिसेल ते टिपायचं."

"आन् पैसे कोण देतं?"

तो हसत सुटला. पण माझ्या डोक्यात आज्ज्याची चिमणी होती. म्हटलं, चल.

सकाळी आठला लोअर परळ स्टेशनाबाहेर वीसेक माणसं जमली. एकेकाच्या गळ्यात असा कॅमेरा, की त्याच्या पुढच्या भिंगाची किंमत ऐकून मी माझा काच तडकलेला मोबाईल खिशात घातला. सगळ्यांना घेऊन जाणारा गृहस्थ भला होता. मुद्दाम सांगतो, भला होता. मला चहा पाजला, मोबाईलवरही चांगला फोटो निघतो म्हणाला, ऊन कुठून येतंय ते आधी बघ म्हणाला. मी शिकलो. शिकण्यात कमीपणा कसला?

चालता चालता मला रविवारचाच विचार आला. ही वीस माणसं आज मोकळी कशी? कारण रविवार. आणि हा रविवार गिरणी कामगारांनी मागून घेतलेला आहे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक साथी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, हजारोंच्या सह्या गोळा केल्या. १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. ज्यांनी रविवार मिळवला त्यांच्याच जागेत आज रविवार घालवायला माणसं येतात. यात वाईट काही नाही. फक्त हे ठाऊक असलेलं त्या घोळक्यात कुणी दिसलं नाही.

सेनापती बापट मार्गानं फिनिक्सला पोचलो. ही गिरणी १९०५ ची. आता तिथं मॉल आहे, मुंबईतल्या महागड्या बाजारांपैकी एक. काचेमागं घड्याळं, बूट, अत्तरं, बायकांच्या पर्सा. फरशी अशी की पाय ठेवताना आपल्याच तळव्याची लाज वाटावी. म्होरक्या म्हणाला, फिनिक्स म्हणजे राखेतून पुन्हा उठणारा पक्षी, नाव किती खरं झालं बघा. राख कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आणि मधेच चिमणी. उभीच्या उभी. धूर नाही, पण आहे!

मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. आज्ज्याचं काम झालं होतं. खालून फोटो काढला, लांबून काढला, उन्हात काढला, काचेत तिचं प्रतिबिंब पडलं होतं त्याचाही काढला. दोस्तानं म्होरक्याला सांगितलं, ह्याचा आजोबा इथल्याच एका गिरणीत होता. झालं. सगळे कॅमेरे माझ्याकडं वळले. मला चिमणीखाली उभं केलं. हात दाखव म्हणाले. मागावरच्या कामानं बोटं चिरलेली असतात, ती त्यांना आवडली. एकजण गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "हसू नकोस. जरा वर बघ. आजोबांची आठवण काढ."

अरे, आठवण काढली म्हणूनच हसत होतो ना मी!

पण मी हसणं बंद केलं. वर बघितलं. वीस जणांनी वीस फोटो काढले. आज कुणाच्या तरी मोबाईलात मी आहे, उदास, चिमणीखाली, गिरणी कामगाराचा नातू म्हणून. तो मी नाही. तिथं मला ते बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. आपल्याला फोटोत घेतात तेव्हा आपलं तोंड कसं असावं हे आधीच ठरलेलं असतं. मोर्चात असलो तर रागीट, मेलेल्याजवळ असलो तर रडवेलं, चिमणीखाली असलो तर उदास. हसणारा दलित कामगार त्यांच्या चौकटीत बसत नाही.

म्होरक्या म्हणाला, बघा, किती छान जपलंय. मी मनात म्हटलं, काय जपलं ते दिसतंय. काय नाही जपलं तेही बोलू. १९९१ च्या नियमात होतं की गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळमानानं तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. गिरणीची शेड ज्या जमिनीवर उभी ती वाटणीतून वगळली. गिरणी म्हणजे शेडच की! मोकळी जागा ती कितीशी? लोक कोर्टात गेले. २००६ साली सुप्रीम कोर्टानं तोच बदललेला नियम कायम ठेवला. चिमणीला जमीन लागते हातभर. ती ठेवायला काय जातंय?

अकराला दुकानं उघडली. आम्ही आत फिरलो. एका दुकानात न्हाणीघराचं सामान होतं. साबण, मेणबत्त्या, आणि टॉवेल. मी थांबलो. टॉवेल माझ्या धंद्याचा. लेबलावर सोलापूर लिहिलेलं नव्हतं, तो कुठल्या गावचा ते मी सांगू शकत नाही. पण वीण कळते. टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एक घट्ट ताणलेला, एक ढिला. दोन बाणे फणीनं सैल ठोकायचे, तिसरा गच्च. तिसऱ्या ठोक्याला ढिल्या बीमच्या सुताचे फास वर उठतात. तोच टॉवेलचा मऊपणा. मी तो उलटा केला, किनारीवरून बोट फिरवलं. एका जागी बोट अडलं. गाठ होती. कुणाचा तरी दोरा तुटला होता आणि कुणीतरी चालत्या पाळीत मान वाकवून तो बांधला होता. किंमत बघितली. माझ्या दोन पाळ्यांची मजुरी. दुकानातली मुलगी जवळ आली, मी घडी घालून ठेवून दिला. तिनं माझ्या घडीकडं बघितलं. ती कारखान्यातली घडी होती, तिच्या घडीपेक्षा सरळ.

तिथं उभं असताना मला बाबासाहेबांची ती गोष्ट आठवली. आपल्या पोरांना रायगड जिल्ह्यातलं महाड माहीत असतं, चवदार तळं माहीत असतं, पण ही गिरणीतली गोष्ट फारशी माहीत नसते. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं पुष्कळ होती. पण कुठं? सूत कातायला, रिंगफ्रेमवर, झाडलोटीला. विणकाम खात्यात नाहीत. पगार चांगला तिथं. दार का बंद? तर धोट्यात नवी कांडी भरली की दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. दोऱ्याला थुंकी लागणार. अस्पृश्याची थुंकी लागली तर पुढचा स्पृश्य विणकर त्या धोट्याला तोंड कसं लावणार? म्हणजे हे दार शेजारी उभ्या असलेल्या कामगारानंही धरून ठेवलेलं होतं, मालकानं ते उघडायची तसदी घेतली नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. कामगारांची एकी म्हणता, मग विणकाम खात्यात आमच्या माणसाला घ्याल का? दहा वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे शत्रू दोन सांगितले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकच सांगून भागलं नसतं. ते धोट्याच्या भोकात दिसलं होतं.

आता धोट्याला तोंड लावावं लागत नाही. मी हातानं ओवतो. पण मी विणकर आहे. आज्जा रिंगफ्रेमवर होता, मी मागावर आहे. त्या दारातून आत गेलेला आमच्या घरातला मी पहिला. हे मला त्या दिवशी, त्या दुकानात, टॉवेलची घडी घालताना कळलं. आतापर्यंत मी समजत होतो, शाळा सुटली म्हणून मागावर आलो.

शेवटी सगळे बाहेर चहाला थांबले. ज्यानं त्यानं आपला आवडता फोटो दाखवायचा आणि दोन शब्द बोलायचे. माझी पाळी आली. मी टॉवेलच्या गाठीचा फोटो दाखवला आणि धोट्याची गोष्ट सांगितली. आवाज थरथरत होता. झाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "इंटरेस्टिंग." बाकीचे पुढच्या फोटोकडं वळले. एक पन्नाशीचा माणूस मात्र पांगापांग झाल्यावर जवळ आला. म्हणाला, "माझे वडील विणकाम खात्यात होते. घरी गिरणीच्या शंभर गोष्टी सांगायचे. ही कधी सांगितली नाही." एवढं बोलून त्यानं माझा कप घेतला, आपल्या कपाबरोबर टपरीवाल्याला नेऊन दिला आणि निघून गेला.

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या बापाचा आला. मग वाटलं, आपल्या म्हाताऱ्यांनी तरी आपल्याला किती सांगितलं? अपमान सांगायला माणूस लाजतो आणि अपमान केलेला सांगायलाही लाजतो. दोघं गप्प राहिले की फक्त चिमणी उरते.

स्टेशनाकडं येताना एका काचेच्या इमारतीच्या गेटवर एक सिक्युरिटीवाला उभा होता. बोलीवरून ओळखलं.

"कुठलं म्हनायचं?"

"तुळजापूर तालुका."

"अणदूर."

तो खुलला. जय भीम झाला. चार वर्षं झाली म्हणाला, पत्र्याच्या खोलीत सहाजण राहतात, पाळ्यांप्रमाणं झोपतात. आज्ज्याची खोली मला डोळ्यापुढं दिसली. म्हटलं, फोटो काढू का? तो म्हणाला, "ड्यूटीवर नगं. दोनला सुटतो." मी थांबलो. दोनला तो आला तेव्हा त्यानं तोंड धुतलं होतं, वर्दीवर घरचा शर्ट चढवला होता, केस पाण्यानं बसवले होते. भिंतीला टेकून उभा राहिला आणि मी न सांगता हसला. "आईला पाठीव," म्हणाला, आणि नंबर दिला. पाठवला. त्या दिवसाच्या दोनशे फोटोंत ज्याचा फोटो त्याला विचारून, तो म्हणेल तसा काढला, असा हा एकच.

अणदूरला पोचलो. आज्ज्याला मोबाईलवर चिमणी दाखवली. त्यानं चांगल्या डोळ्याजवळ मोबाईल नेला. बराच वेळ बघितलं.

"ही न्हवं," म्हणाला.

"म्हंजी?"

"ही आमची न्हवं. आमची येगळी हुती. खोलीच्या दारातनं दिसायची."

मी गप्प. त्याच्या गिरणीची चिमणी राहिलेली नाही. मला वाटलं होतं एक चिमणी म्हणजे सगळ्या चिमण्या. फोटो वॉकवाल्यांना तसंच वाटलं होतं, आणि माझंही तसंच झालं. आज्ज्यानं बोटानं पुढं सरकवलं, सिक्युरिटीवाला आला.

"ह्यो कोन?"

सांगितलं.

"नाव इचारलं का?"

विचारलं होतं.

"मग लिवून ठिव. गाव, नाव, कामाला कुटं, कवापासनं. फोटूला वाळवी लागती." मग थोडं थांबून म्हणाला, "माझं बी लिव."

त्या रात्री मी कोनाचे पुठ्ठे काढले. आज्जा सांगत गेला. गिरणीचं नाव, खातं, पाळी, जॉबर कसा होता, शेजारच्या साच्यावर कोण, खोलीतले सगळे सोळा, त्यांची गावं. तिकीट नंबर त्यानं न अडखळता सांगितला. संपानंतर चाळीसपेक्षा जास्त वर्षं तो आकडा त्यानं तोंडात धरून ठेवला होता. विणकाम खात्याचं विचारलं. आधी म्हणाला, त्या गोष्टी जुन्या, आमच्या वेळंला तसं काय न्हवतं. कंदील बारीक करावा तसा आवाज बारीक झाला, मग म्हणाला, "न्हवतं खरं. पर पान्याचा माठ त्येंचा येगळाच हुता." तेही लिहिलं.

दोस्तांनो, मोर्चे काढूच. पण त्याबरोबर हे एक काम करा. ज्यांच्या घरात, वस्तीत गिरणीत, रेल्वेत, बंदरात, विडी कारखान्यात राबलेला म्हातारा किंवा म्हातारी आहे, त्यांच्यापुढं वही घेऊन बसा. नाव, गाव, खातं, नंबर, कधी लागले, कधी सुटले, कुठलं दार उघडं होतं आणि कुठलं बंद, सगळं लिहून घ्या. जुना पास असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि तिघांकडं ठेवा. फोटो काढताना हसू द्या त्यांना. हे घरासाठी कामाला येईल का मला ठाऊक नाही. पण उद्या कुणी चिमणीखाली उभं राहून वारसा म्हणून सांगायला लागलं, तर वही पुढं करता येईल.

आज्ज्याचे पुठ्ठे एकवीस झालेत. अजून तो सांगतोय.

जय भीम.